६५ अंशांचा ठोकळा

मंगळवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सांगली सोडलं तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. मिरज यायच्या आत वानलेसवाडी लागते. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला आणि पुढं क्षयाच्या रोग्यांसाठी गावाबाहेर आरोग्यधाम उभं राहिलं ते या वाडीला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडेपर्यंत क्षयावर औषध असं नव्हतंच. मोकळी हवा, अंथरुणाला पाठ आणि चांगलं खाणंपिणं, बस. थोडक्यात, गुण यायचा असेल तर तो इमारतीनं यायचा: व्हरांड्यानं, खिडक्यांनी, वाऱ्याच्या दिशेनं. हे सगळं मी आमच्या पीएचडीच्या पोराला उत्साहानं सांगत होते. तो डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला होता.

आमची संस्था मुंबईत, काम जैववैद्यकीय अभियांत्रिकीचं. नातेवाइकांच्या मते आम्ही एमआरआयची मशीनं दुरुस्त करतो, आणि आता मीही ती समजूत खोडून काढायचं सोडून दिलंय. आमचा गट संसर्गजन्य रोगांचा, आणि सध्या आम्ही क्षयाच्या चाचणीचं एक छोटं यंत्र बनवतोय. त्यात इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत, रसायनवाले आहेत, जंतूंची माहेरची-सासरची खबर ठेवणाऱ्या दोघी आहेत, धातू-स्क्रूची भाषा बोलणारी मी आहे, आणि आठवड्यातून एकदा येऊन सगळ्यांचा उत्साह उतरवून जाणारे एक छातीचे डॉक्टर आहेत. या डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य: "हे मशीन तुमच्या एसीत चालतं. माझा पेशंट कुठं बसलाय ते बघून या."

म्हणून कोल्हापूर.

आपल्या देशात या धंद्याचा कित्ता घालून दिला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं. संसदेच्या कायद्यानं १९८० साली तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. रुग्णालय एकीकडं आणि त्याच शहरात पूजापुऱ्याला एका जुन्या राजवाड्यात तंत्रज्ञानाचा विभाग. १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवलेली देशी हृदयझडप तिथली, रक्ताची पिशवीही तिथलीच. झडपा आणि पिशव्या करणाऱ्या या लोकांनी २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडसाठी 'चित्रा जीनलॅम्प-एन' ही चाचणी पुढं आणली, तेव्हा आमच्यासारख्यांचे कान टवकारले गेले.

लॅम्प ही जंतूचा डीएनए वाढवून तो ओळखायची पद्धत जपानमधली, २००० साली प्रसिद्ध झालेली. याच कामाच्या जुन्या पीसीआर पद्धतीत नमुना ९५ अंशांपर्यंत तापवायचा, खाली आणायचा, परत चढवायचा, अशा तीस-चाळीस फेऱ्या होतात. त्यासाठी मशीन महाग आणि नाजूक. लॅम्पमध्ये असला तमाशा नाही. ६० ते ६५ अंशांच्या आसपास नळी धरून ठेवायची, जंतूचा डीएनए असेल तर तो तासाभरात भरमसाट वाढतो आणि नळीतला रंग बदलतो. क्षयासाठी अशी चाचणी सूक्ष्मदर्शकाच्या जागी वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली हिरवा कंदील दाखवला. मग लागतं काय? एक तापलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि नळ्या बसतील अशी त्यात भोकं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की अनुदान देणारी माणसं विचारतात, "एवढ्यासाठी तीन वर्षं?"

मुंबईत असे थोडे ठोकळे करून द्यायला कुणी तयार होत नव्हतं. हजार नग सांगा, मग बोलू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुट्या जॉबला अजून मान आहे. ऑईल इंजिनांनी हा भाग वाढवला, आता मोटारींच्या कास्टिंगवर चालतो. एका बोळात फाउंड्रीचं पॅटर्न करणारा, समोर लेथवाला, पलीकडं प्लेटिंगवाला, आणि मधे चहाची गाडी. दहा पावलांत अख्खा कारखाना.

आमच्या मिस्त्रींचं शेड लहान. एका बाजूला नवं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या वेळचा लेथ, वर अंबाबाईची तसबीर, आणि सगळ्याला कूलंटचा तो गोडसर वास. मिस्त्रींनी ड्रॉइंगकडं ढुंकूनही बघितलं नाही. खिशातला चष्मा काढला, आमची प्लास्टिकची नळी घेतली, जेमतेम शेंगदाण्याएवढी, आणि तळहातावर लोळवली. ती सरळ न लोळता गोल फिरली.

"टेपर हाय."

"हो, ड्रॉइंगमध्ये दिलाय कोन."

"दिलाय, बघतो की. पण ही नळी कुठल्या कंपनीची?"

पोरानं नाव सांगितलं.

"आणि उद्या दुसऱ्या कंपनीची आली म्हंजे? दवाखान्यात काय हीच घेणार हाईत व्हय?"

दोन कंपन्यांच्या नळ्यांच्या उतारात बारीक फरक असतो. हाताला कळत नाही, पण भोकात नळी तेवढी वर अडकते आणि भिंतीशी हवेचा पातळ पापुद्रा राहतो. ॲल्युमिनियमच्या मानानं हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहून नेते. म्हणजे ठोकळा ६५ वर आणि आतला थेंब अजून ५८ वर रेंगाळलेला, असं होऊ शकतं. आमच्याकडं हे मोजलेलं होतं, आलेखही होते. मिस्त्रींनी आलेख न बघता तोडगा काढला: भोकाच्या कोनाशी मारामारी करत बसू नका, झाकणाला आतून स्प्रिंगची पट्टी द्या; नळी कुठलीही असो, दाबून खाली बसली पाहिजे. झाकण आम्ही तापवणारच होतो, नाहीतर वाफ वर जाऊन टोपणाला थेंब धरतात. त्याच झाकणाकडून दाबाचं काम करून घ्यायचं होतं एवढंच.

मग एचई थर्टी या जातीच्या ॲल्युमिनियमची पट्टी काढून, कडेला कानस मारत त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि हे पुसणार कशानं?"

पोरगा म्हणाला, "अल्कोहोलनं."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "शुक्रवारी सांगते." ब्लीच लागणार हे मला ठाऊक होतं. किती लागतं, किती वेळा आणि कुणाच्या हातानं, ते बघायलाच गुरुवारी गगनबावड्याकडं जायचं होतं.

रात्री तांबडा-पांढरा. याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की माझ्या भरीची गरज नाही. पोरानं पांढऱ्या रश्श्याच्या पाच वाट्या प्यायल्या.

बुधवार

सकाळी थोरला दवाखाना. पाट्यांवर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, बोलण्यात सीपीआर, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून थोरला दवाखानाच. टाऊन हॉलच्या समोर काळ्या दगडाची जुनी इमारत, आजूबाजूला नव्या इमारती. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, छातीच्या डॉक्टरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला. यंत्र बघायचं नव्हतं, हवा बघायची होती.

माझ्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड मोजायचा एक छोटा मीटर असतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० दाखवतो. खोलीत माणसं भरली आणि हवा कोंडली की आकडा चढतो. आकडा चढला म्हणजे आपण एकमेकांनी सोडलेला श्वास घेतोय. क्षय पसरतो तो असाच. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळानं वरच्या खोलीत नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांवर सोडली. रोग्यांचा आणि त्या प्राण्यांचा दुसरा काही संबंध नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. रोग हवेतून जातो हे त्या नळानं सिद्ध केलं. माझ्या मते संसर्गशास्त्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग, आणि त्यातलं निम्मं श्रेय पत्र्याच्या कामाचं आहे.

जुन्या दगडी भागात छत उंच, खिडक्या उभ्या आणि समोरासमोर. मीटर बाहेरच्या आकड्याच्या थोडाच वर गेला. मग दुपारी मी शहरातल्याच एका खासगी दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसले, नाव नको. काचा बंद, दोन स्प्लिट एसी, तीस-एक माणसं, भिंतीवर मंद संगीत. तिथं आकडा दोन हजारांच्या पुढं. गार हवा म्हणजे ताजी हवा असं लोकांना वाटतं. साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवून फिरवून गार करतो, बाहेरची एक फुंकरही आत घेत नाही.

पेरूतल्या लिमा शहरात यावर नीट मोजमाप झालंय, २००७ साली प्रसिद्ध झालं. दारं-खिडक्या उघडल्या तर १९५० पूर्वीच्या उंच छताच्या इमारतींमध्ये तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. यंत्रानं हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांमध्ये १२ वेळा. यावरून जुनं ते सोनं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण जोराची थंडी किंवा पाऊस आला की याच खिडक्या माणसं पटापट लावून टाकतात, हेही खरं. तिथले एक वॉर्डबॉय मामा म्हणाले, "पेशंट दिवसा उघड म्हणतोय, रात्री लाव म्हणतोय. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गेलो. म्हशी समोर उभ्या, दूध तुमच्या डोळ्यांदेखत काढतात आणि फेसाळता पेला हातात. पोरानं एका दमात संपवला. मी मात्र तापवलेलं मागितलं, तर शेजारच्या पैलवानानं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू पाण्यात भिजवलेली चपाती खातेय. काय करू, ब्रुसेला हा जंतू आणि गाई-म्हशींचा क्षय कच्च्या दुधातून येतो हे डोक्यातून जात नाही. पाश्चरीकरणाचा जुना हिशेब आहे: ६३ अंशांवर अर्धा तास. म्हणजे आमच्या ठोकळ्यापेक्षा थोडंच कमी. पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मग ठोकळ्यात दूधच तापवू, खप तरी होईल."

गुरुवार

गगनबावड्याचा रस्ता फुलेवाडीवरून बालिंग्याचा पूल ओलांडून जातो. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढलं की पुढचा तालुका तुटतो. आता जानेवारी, रस्ता कोरडा, पण उसाच्या ट्रॉल्यांनी अडलेला. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि त्यावर बसलेली पोरं. ओव्हरटेक करायचं म्हणजे नवस बोलायची वेळ.

आमच्याबरोबर क्षयरोग विभागातल्या पर्यवेक्षक ताई होत्या, स्वतःच्या दुचाकीवर. "मी जातो पुढं, तुम्ही या सावकाश," म्हणाल्या आणि ट्रॉल्यांमधून गायब झाल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी ऊसतोड कामगारांच्या तीन खोप्या, म्हणजे झोपड्या, फिरून दोन माणसं गोळा केली होती.

ऊसतोडीच्या टोळ्या बहुतेक मराठवाड्यातून येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळं एक दिवस गैरहजर म्हणजे खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. हंगाम चार-पाच महिन्यांचा. क्षयाचं साधं औषधपाणी सहा महिन्यांचं. या दोन आकड्यांची वजाबाकी केली की अडचण समजते: उपचार एका जिल्ह्यात सुरू झाला तर दुसऱ्या जिल्ह्यात संपणार, आणि मधे टोळी कुठल्या शिवारात असेल ते मुकादमालाच ठाऊक. निक्षय या क्षयरोग्यांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव एका केंद्राकडून दुसऱ्याकडं पाठवता येतं, पोषणाचे महिन्याला १००० रुपयेही खात्यावर जातात. पण त्याआधी रोग आहे हे कळायला हवं, आणि ते टोळी हलायच्या आत.

दोघांतल्या बाईंना तीन आठवड्यांपासून खोकला. वय विचारलं तर म्हणाल्या, "असंल चाळीस." ताईंनी त्यांना आरोग्य केंद्राच्या खोलीत न्यायचं सोडून मागच्या अंगणात, वाऱ्याच्या तोंडाशी उभं केलं. बेडका घ्यायचा तो उघड्यावर, इतरांपासून लांब. हा नियम आहे आणि त्या तो पाळत होत्या.

"आधी चूळ भरा. भरली? आता छाती भरून श्वास घ्या. सोडा. परत घ्या. आता पोटातनं खोका, हितनं," असं म्हणत बाईंच्या बरगडीखाली हात ठेवला. "थुंकी नको मला, बेडका पायजे. थुंकी तर तोंडात बी असती."

पहिल्या डबीत नुसता पाणचट फेस आला. ताईंनी ती उजेडात धरली, मान हलवली आणि दुसरी डबी दिली. या वेळी पिवळसर, चिकट, तळाला धरून राहणारा. डबीचा नंबर त्यांनी झाकणावर न टाकता अंगावर लिहिला, कारण झाकणं टेबलावर एकत्र निघतात आणि बदलतात. मुंबईतल्या आमच्या नमुन्यांवरची सगळी छापील लेबलं झाकणांवर असतात. मी वहीत टिपून घेतलं.

प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली. सूक्ष्मदर्शकात क्षयाचे जंतू दिसायचे तर एका मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असले की माणूस खोकतो, पसरवतो आणि काच म्हणते निगेटिव्ह. म्हणून आता नमुने तालुक्याच्या ठिकाणी ट्रूनॅटवर जातात. ट्रूनॅट हे गोव्याचं यंत्र, मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मान्य केलेलं. एका पेटीत नमुन्यातून डीएनए वेगळा होतो, मग त्याचा एक थेंब नखाएवढ्या चिपवर टाकायचा, तासाभरात उत्तर. क्षय निघाला तर त्याच अर्कावर दुसरी चिप, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल की नाही ते सांगणारी. आमच्या धंद्यात मला मनापासून हेवा वाटावा अशी जी थोडी यंत्रं आहेत त्यातलं हे एक.

तंत्रज्ञ दादांनी आमचा जुना ठोकळा हातात घेऊन वजन बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रिफॅम्पिसिन कळणार का ह्यात?"

"नाही."

"मग पॉझिटिव्ह आल्यावर मला परत ट्रूनॅटलाच पाठवायला लागणार की."

बरोबर आहे. लॅम्पनं क्षय आहे एवढंच कळतं. माझा मुद्दा असा की निदान ती बाई कोयता उचलून निघून जायच्या आत कळतं, आणि मग तिला थांबवायला काहीतरी कारण हातात असतं. दादांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. ताईंना मात्र पटलं. "दुपारी कळलं तर मी संध्याकाळी खोपीवर जातो. चार दिवसांनी कळलं तर खोपी कुठाय ते आधी हुडकायला लागतंय."

मग ठोकळा सुरू केला. नुसत्या पाण्याच्या नळ्या घातल्या, रोग्याचा नमुना नाही. दहा मिनिटांत लाईट गेली. आम्ही बॅटरीवर आलो, ते अपेक्षितच होतं. पोरानं बारीक तारेचा तापमापक एकेका भोकात घातला. मधल्या भोकांत ६५, कडेच्या दोन भोकांत ६२ आणि कुठंतरी ६३. गगनबावड्याकडची सकाळ, खिडकी सताड उघडी, आणि घाटावरचा वारा थेट टेबलावर. पोरगा सवयीनं खिडकी लावायला उठला.

"ती नाही लावायची," मी आणि दादा एकदम म्हणालो.

त्या खोलीत क्षयाचे नमुने उघडले जातात. खिडकी हीच तिथल्या माणसाची सुरक्षा. बुधवारचा सगळा आकड्यांचा खेळ शेवटी या एका कडीवर येऊन टेकतो. तेव्हा उघड्या खिडकीत, वाऱ्यात, बॅटरीवर, कडेची भोकंसुद्धा ६५ वर राहिली पाहिजेत. हे आमच्या आवश्यकतांच्या यादीत कुठंच नव्हतं, कारण यादी एसीत बसून केलेली.

आणि पुसण्याचं. दादा रोज सकाळी पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, पाण्यात मिसळून एक टक्क्याचं करतात. आदल्या दिवशीचं वापरत नाहीत, कारण ठेवलं की त्याचा जोर जातो. बादली टेबलाखाली. प्रत्येक नमुन्यानंतर फडकं बुडवून टेबल, रॅक, ट्रे सगळं पुसतात. हा ट्रे जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. मी तो उजेडाकडं तिरका धरला. वरून चकचकीत वाटणाऱ्या पत्र्यावर पांढुरक्या पिठासारखे ठिपके होते आणि त्यावरून नख फिरवलं की प्रत्येक ठिपक्यात अडकत होतं. बारीक बारीक खड्डे.

अल्कोहोलवर भागवता येणार नाही. लॅम्पच्या नळीत जंतूच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती तयार होतात. एखादी नळी गळली किंवा कुणी उत्सुकतेनं उघडली, तर त्या प्रती ठोकळ्यावर बसतात आणि पुढच्या प्रत्येक माणसाला क्षय असल्याचं सांगत सुटतात. अल्कोहोलनं जंतू मरतात, पण डीएनए तसाच राहतो. तो मोडायला ब्लीचच हवं. आणि ब्लीच ॲल्युमिनियमला खातं. खड्डा पडला की त्यात डीएनए लपतो, नळी नीट टेकत नाही, परत तो हवेचा पापुद्रा.

बाईंचा नमुना ताईंनी खोक्यात घालून तालुक्याला धाडला. परतीच्या वाटेवर एका गुऱ्हाळावर थांबून काकवी घेतली. पोरगा फोनमध्ये ब्लीच आणि धातूंबद्दल काहीतरी वाचत होता. चिमणीच्या धुरात त्याला फोनचा पडदाही धड दिसत नव्हता, पण सोडत नव्हता.

शुक्रवार

सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग उद्यमनगर. मिस्त्रींनी पहिला ठोकळा करून ठेवला होता. भोकांच्या कडा इतक्या साफ की पोरानं बोट घालून बघितलं आणि लगेच काढलं, डाग पडेल म्हणून.

मी आधी वाऱ्याचं सांगितलं. त्यावर फार चर्चा झाली नाही. कडेला आणि खाली हायलमचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक पाटीचं, कवच द्यायचं आणि दोन्ही टोकांना भोकं न पाडता धातू जास्तीचा सोडायचा, म्हणजे थंडी आधी त्या रिकाम्या धातूला लागेल.

मग ब्लीच. मिस्त्री हसले. "त्या दिशीच इचारलं होतं. जर्मनच्या पातेल्याला ब्लिचिंग लागलं की काळं पडतंय, आमच्या कारभारनीला बी ठाव हाय."

"मग स्टेनलेसचा करायचा?" पोरगा म्हणाला.

स्टेनलेस उष्णता वाहून न्यायला ॲल्युमिनियमच्या सुमारे एक दशांश. बॅटरी अर्धी त्यातच जाईल. हे मी सांगायच्या आत मिस्त्रींनीच हात झटकून ते बाद केलं.

चहा आला. निर्जंतुकीकरणाचा विषय निघालाच होता, म्हणून मी त्यांना हाफकिनची गोष्ट सांगितली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी पहिली स्वतःला टोचून घेतली. गावोगाव उंदीर पडले की माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालत होती तो काळ. पुढं १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. ठपका हाफकिनवर. काही वर्षांनी पुरावे नीट तपासल्यावर निघालं की बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो धड निर्जंतुक न करताच बुचाला लावला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "म्हंजे चिमटा पडला गावात आणि टांगला मुंबईचा इंजिनियर."

"डॉक्टर. खरं तर डॉक्टरही नाही, जंतुशास्त्रज्ञ."

"त्येच की. म्हंजे तुमचं बी तसंच. ठोकळा हितनं चांगला जाणार, तिकडं कोण कशानं पुसंल."

त्यांनी पट्टीतून चार चकत्या कापल्या. एक तशीच, एकीला साधं ॲनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर, एकीला जाड ॲनोडायझिंग, एकीला निकेल. पलीकडच्या बोळातल्या प्लेटिंगवाल्याकडं पोराला पिटाळलं. लोणच्याच्या चार बरण्या आल्या, हळदीचे डाग अजून काचेला. पोरानं हायपोक्लोराइट आणलं, एक टक्क्याचं करून दाखवलं, रोज सकाळी नवं घालायचं हे तीनदा बजावलं. माझा अंदाज निकेलच्या बाजूनं आहे. जाड ॲनोडायझिंगही अल्कलीपुढं फार दिवस टिकेल असं वाटत नाही, आणि हायपोक्लोराइटचं पाणी अल्कलीच असतं. मिस्त्रींनी शिसपेन्सिलीनं बरण्यांवर नंबर घातले. झाकणावर नाही, अंगावर. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी ताईंचा फोन. बाईंना क्षय निघाला, रिफॅम्पिसिन लागू पडतंय. टोळी परवा दुसऱ्या गावात जाणार आहे. गोळ्या, मुकादमाचा नंबर आणि बीडकडच्या केंद्राचा पत्ता असं सगळं घेऊन त्या निघाल्या होत्या. नवऱ्याचा आणि दोन्ही पोरांचाही खोकला विचारणार होत्या. मागं ट्रॉलीचा हॉर्न वाजत होता, त्यामुळं शेवटची दोन वाक्यं कळली नाहीत.

हिशेबाच्या वेळी मिस्त्रींनी ठोकळ्याचे पैसे घेतले, चकत्यांचे घेतले नाहीत. शंभर नगांना काय पडेल ते मात्र पाकिटाच्या पाठीवर मांडून दिलं, आणि ते मुंबईच्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा खाली होतं. हायलम आणि स्प्रिंगचं झाकण त्यात धरून. संस्थेच्या खरेदी विभागाला हे पाकीट कोटेशन म्हणून चालणार नाही, त्यासाठी लेटरहेड लागेल, हे मी त्यांना कसं सांगायचं याचा विचार करत स्टेशनवर आले.

गाडी रुकडीच्या आसपास असेल तेव्हा त्यांचा फोन आला. "ताई, पाचवी बरणी भरली बगा. गनमेटलचा तुकडा पडला हुता, टाकला. काय हुतंय बघूया की. आणि त्या पोराला सांगा, त्येचा डबा हितंच ऱ्हायलाय, काकवीचा."

पोरगा वरच्या बर्थवरून ताडकन उठून बसला.